कोरड्या भिंतीकडे पाठ

१

सकाळचा चहा झाला की मी घळीच्या तोंडाशी जाऊन बसतो. म्हणजे बसायचो. तिथे एक छप्पर आहे, एक बाकडं आहे आणि दगडात ठोकलेल्या खुंट्या आहेत. घळ बघायला आलेली माणसं आपल्या सॅका त्या खुंट्यांना अडकवायची, कारण पाठीवर सॅक असली की माणूस आत मावत नाही. सॅका राखायचं काम माझं, माणसं आत न्यायचं काम मुलाचं. पूर्वी तेही मीच करत असे. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्याच्या हवाली केलं.

घळ काही मोठी नाही. कलिंगडात सुरी घालून काढून घ्यावी, तशी डोंगराला पडलेली उभी चीर. या तोंडातून शिरायचं आणि डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, ओढ्यापाशी बाहेर पडायचं. इकडे चहाला आधण ठेवलं तर गाळायच्या आत माणूस पलीकडे. दोर लागत नाही, शिडी लागत नाही, पोहता यायला नको. म्हणूनच लोक येतात. पोटं सुटलेले येतात, नातवंडांना दाखवायला आजीबाई येतात. परतायला डोंगरावरून पायवाट आहे.

मधे फक्त एक जागा अशी आहे की तिथे सरळ चालता येत नाही. तिला आम्ही मान म्हणतो. मानेत आडवं व्हायचं आणि खेकड्यासारखं सरकत जायचं. एका भिंतीतून बारमाही पाणी पाझरतं, ती ओली भिंत. तिच्यात हातानं धरायला खाचा केलेल्या आहेत. कुणी केल्या ते माझ्या वडिलांनाही ठाऊक नव्हतं. समोरची ती कोरडी भिंत. नियम एकच: तोंड ओल्या भिंतीकडे, पाठ कोरड्या भिंतीकडे. उलटं शिरलं तर खाचा पाठीशी जातात, हात हवेत चाचपडत राहतात, आणि एकदा आत गेल्यावर वळायला जागा नाही. वडिलांनी मला हे सांगितलं, मी मुलाला सांगितलं, तो आल्यागेल्याला सांगायचा. त्यामुळे झालं असं की मानेतली कोरडी भिंत दिसते कशी, हे आमच्या घरात कुणी कधी पाहिलं नाही. पाहायचं तरी कशाला. भिंत ती भिंत.

मुलगा माझा एकुलता. गेल्या वर्षी त्याची बायको तापानं गेली. साधा ताप म्हणून घरीच निजली होती, ती तशीच गेली. तो रडला नाही, चिडला नाही, कामही बुडवलं नाही. पण त्या दिवसापासून तो कुठे टेकला म्हणून नाही. बसला तर काठावर, उभा राहिला तर निघाल्यासारखा. अंथरुणावर पडायचा तोसुद्धा कुशीवर, एक हात जमिनीला लावून, कुणी उठ म्हणायची वाट पाहत असल्यासारखा. डोळ्यांखाली काळं आलं होतं. माणूस असा किती दिवस निभावणार, ही एकच काळजी माझ्या जिवाला होती. या वयात माझं म्हणून राखायचं तेवढंच उरलं होतं.

२

माझी धाकटी बहीण आमच्याकडेच असते. मुलाची आत्या म्हणून सगळे तिला आत्याच म्हणतात, आणि ऐकून ऐकून मीही तेच म्हणतो. जिभेला हाड नाही, पण हातालाही उसंत नाही. धुणं तिच्याकडे.

एक दिवस सकाळी ती धुण्याच्या दगडाशी बसली होती आणि मी दाराशी चहा फुंकत होतो.

"दादा, तुझा मुलगा अर्धाच मळतो," ती म्हणाली.

"अर्धाच म्हणजे?"

"म्हणजे पुढूनच." तिनं त्याचा सदरा दोन्ही खांद्यांना धरून उभा केला. छातीपोटावर ओल्या भिंतीचा लाल राडा. मग तिनं तो फिरवला. पाठ कोरी करकरीत, आदल्या दिवशी घडी मोडली तशी.

"धुतलास की तू."

"अजून पाणी दाखवलं नाही त्याला. वास घे हवा तर."

मी वास घेतला नाही. म्हटलं, "वाळलाय पोरगा. वाळलेल्या माणसाला जागा जास्त होते."

"मग पुढून का असा माखतो? पुढची भिंत काय त्याला ओढून घेते?" तिनं सदरा बादलीत दाबला. "तुझे सदरे आठवतात मला. तुझी पाठ आधी फाटायची. वहिनी म्हणायची, यांना पाठीला चामडं शिवून देते, म्हणजे एकदाचं ठिगळं लावणं सुटेल."

"म्हणायची खरी."

"आणि हा बघा. हा घळीतून जातो की फोटो काढून घ्यायला जातो?"

"तुला काय, निम्मं धुणं वाचलं."

"तेही खरंच," ती म्हणाली आणि हसली. पण तो सदरा दोरीवर टाकल्यावर ती त्याच्याकडे पाहत उभी राहिली. सदऱ्याकडे माणूस जितका वेळ पाहतं, त्यापेक्षा जास्त वेळ.

३

कानात एकदा किडा गेला की तो गप्प बसत नाही. त्या दिवसापासून मी लोकांच्या पाठी पाहायला लागलो.

छपराखाली माझ्याकडे एक जुनं फडकं असायचं. पायवाटेनं परत आलेल्यांच्या पाठीवर कोरड्या भिंतीची करडी धूळ असायची, आणि सॅक चढवण्याआधी मी ती झटकून द्यायचो. लोकांना गंमत वाटायची. आजोबांनी धपाटे घातले म्हणायचे. मी ते फडकं शोधलं. खुंटीवर होतं, वाळून पापडासारखं झालेलं. मी ते कधीपासून हातात घेतलं नव्हतं हे काही केल्या आठवेना.

माणसं परत आली. मी एकेकाची पाठ पाहिली. सगळ्या स्वच्छ.

मी मनाची समजूत घातली. पावसाच्या पाण्यानं भिंत धुऊन निघाली असेल. डोंगरसुद्धा हलतात, जागा थोडी रुंदावली असेल. तसं असेल तर चांगलंच आहे. म्हणून एका पोट सुटलेल्या गृहस्थाला विचारलं, "काय साहेब, अडचण नाही ना झाली आत?"

"अहो अडचण कसली, जीव जायची वेळ आली," तो म्हणाला. "पुढून दगड, मागून दगड. बायको म्हणाली, आता तरी गोड सोडा."

सगळे हसले, मीही हसलो. पण मागून दगड, असं तो म्हणाला, आणि त्याच्या पाठीवर कणभर धूळ नव्हती.

त्याच घोळक्यात शाळेत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या आत जायलाच तयार नव्हत्या. लिफ्टमध्येही जात नाही म्हणाल्या, चार जिने चढते. बरोबरच्यांनी फारच आग्रह केला म्हणून गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा उतरला होता, म्हणजे वाईट अर्थानं नाही. झोपून उठलेल्या लहान मुलासारखा.

"आजोबा, मागच्या भिंतीला तुम्ही काही लावलंय का?" त्यांनी विचारलं.

"काही नाही बाई. दगड आहे नुसता."

"नाही, मला वाटलं काहीतरी..." त्या शब्द शोधत राहिल्या. "लहानपणी आजारी पडलं की औषध पाजायला कुणीतरी मागून धरून बसवायचं ना आपल्याला. आपण सगळं अंग टाकून द्यायचो. तसं वाटलं." मग त्या माझ्या मुलाकडे वळल्या. "दादा, मी परत एकदा जाऊन येऊ का? एकटीच?"

"नाही," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्यानं कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यानं लगेच आवाज मऊ केला, उजेड उतरलाय वगैरे सांगितलं. पण मी त्याचा बाप आहे. माणसानं आपल्या ताटावर हात आडवा धरावा, तसा तो नकार होता.

आणि उशीरही व्हायला लागला होता. माणसं पायवाटेनं परत यायची, सॅका घेऊन जायची, आणि तो यायचा नाही. चहा उकळून कडू व्हायचा. मग तो सावकाश यायचा, डोळ्यांखालचं काळं थोडं कमी झालेलं, आणि म्हणायचा, "जरा थांबलो होतो."

४

बाजाराच्या दिवशी माणसं येत नाहीत. मुलगा सामान आणायला गेला होता. ऊन डोक्यावर आलं की घळीत वरून उजेडाची पट्टी उतरते, आणि तेवढा वेळ आत काही लपून राहत नाही. मी काठी बाकड्याला टेकवली आणि आत गेलो. उलटा. तोंड कोरड्या भिंतीकडे करून.

आपल्याच घरात खिडकीतून शिरावं तसं वाटलं. मानेपाशी आलो तेव्हा हात मागे नेऊन खाचा चाचपल्या. बोटांना त्या सापडल्या. बोटं विसरत नाहीत. पाठीला ओल्या भिंतीचा गारवा लागला. म्हटलं, आता नाक घासणार. डोळे मिटून एक पाऊल सरकलो, दुसरं सरकलो. नाक कशालाच लागलं नाही.

डोळे उघडले. कोरडी भिंत माझ्यापासून चांगली हातभर लांब होती.

मी नीट पाहिलं, घाई केली नाही. करडा दगड. खांद्यांच्या उंचीला तो गुळगुळीत झालेला, आमच्याच पाठींनी. पण त्या गुळगुळीत भागावर आता धूळ बसली होती, कपाटामागे बसते तशी, आणि धुळीवर कोळ्याचं जाळं होतं. तेही जुनं, मळकं, एका कोपऱ्यात फाटलेलं. त्या भिंतीला कुणाची पाठ लागून फार दिवस झाले होते.

म्हणजे डोंगर हललाच होता. मला हायसं वाटलं. जागा रुंद झाली, म्हणून सदरे स्वच्छ. एवढंच तर होतं. इथे आता माणसाला आरामात वळता आलं असतं. एकाच्या मागे दुसरं माणूस उभं राहिलं असतं.

हा विचार आला आणि हायसं वाटणं जागच्या जागी थांबलं. तो पोट सुटलेला गृहस्थ तर म्हणाला होता, पुढून दगड, मागून दगड.

मी तिथेच उभा होतो. समोर काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. मोकळी जागा, मग जाळं, मग भिंत. हात पुढे करून पाहावं असं मनात आलं, पण हात खाचेतून सुटेना. आणि मग माझ्या लक्षात आलं की माझा श्वास माझ्याकडे परत येतोय. गोधडी डोक्यावरून घेतली की तोंडावर येतो तसा, ऊन-ऊन, ओलसर. हातभर लांबच्या दगडावरून श्वास असा परत येत नाही. तो अगदी जवळून येत होता. नाकापासून बोटभर अंतरावरून.

मी डोळे मिटून घेतले. लाज वाटत नाही सांगायला. मिटल्या डोळ्यांनीच खाच-खाच करत मागे सरकलो, आणि बाहेरच्या उन्हात येईपर्यंत उघडले नाहीत.

५

त्या दिवशी जेवण झाल्यावर मी त्याला अंगणात चटईवर बसवलं. आत्या आत भांडी घासत होती, म्हणजे ऐकत होती.

"घळीचं काम सोड," मी म्हटलं. "दुसरं काही करू. मी कुणाला तरी सांगतो."

"का बाबा?"

"तिथे बरं नाही."

त्यानं चटईची एक काडी उपटली. मग म्हणाला, "मला तिथेच बरं वाटतं. दुसरीकडे कुठेच वाटत नाही. तुम्ही पाहताच ना."

पाहत होतो. बापाला दिसतं सगळं, करता येत नाही एवढंच. आमच्या पिढीत बापानं मुलाला जवळ घ्यायची रीत नव्हती. सून गेली त्या दिवशीही मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला, तेवढंच. मला एकदम वाटलं, पोराला टेकायलाच तर हवंय. मग आपण कशाला आहोत? मी चटईवर सरकलो, त्याच्याकडे पाठ केली आणि माझी पाठ त्याच्या पाठीला लावली.

"टेक," मी म्हटलं.

तो आधी लाजला. मग टेकला. त्याचा भार अंगावर आला. वाळला होता तरी भार होता. मी पाय रोवून बसलो. भांड्यांचा आवाज थांबला होता. मला वाटलं, जमतंय.

थोड्या वेळानं तो सरळ झाला. अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा बेतानं.

"काय झालं?"

"तुम्ही हलता, बाबा."

"मी कुठे हललो? दगडासारखा बसलोय."

"श्वास घेता ना."

"माणूस आहे मी. घेणारच की."

"हो," तो म्हणाला. "तेच."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "आणि तिथे? ते श्वास घेत नाही?"

"घेतं," तो म्हणाला. "पण माझ्याबरोबर घेतं."

६

नंतरच्या एका दुपारी माणसं परत आली, सॅका घेऊन गेली, आणि तो आला नाही. मी वाट पाहिली. मग गुडघ्यांच्या नावानं बोटं मोडत पायवाटेनं डोंगर चढलो आणि पलीकडे ओढ्यापाशी उतरलो. तिकडच्या तोंडातून मान सरळ नजरेत येते.

ऊन डोक्यावर होतं. उजेडाची पट्टी आत उतरली होती.

तो मानेत उभा होता, ओल्या भिंतीकडे तोंड करून. हात खाचांत नव्हते, दोन्ही बाजूंना सैल सोडलेले होते. डोळे मिटलेले. सगळं अंग मागे टाकलेलं, पाय पुढे, असा की मागून आधार काढला तर माणूस आदळलाच पाहिजे. मान जराशी कलती, कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवावं तशी. डोक्यामागचे केस दबून चपटे झाले होते.

त्याच्या पुढच्या बाजूला उजेड वरून थेट तळाच्या वाळूपर्यंत पडला होता. मला वाळूतले खडे दिसत होते. त्याच्या मागच्या बाजूला, तो आणि कोरडी भिंत यांच्यामधे, तोच उजेड वरून खाली यायचा आणि त्याच्या डोक्याच्या थोडा वर थांबायचा. तिथून खाली यायचा नाही. अंधार म्हणावं तर अंधार नव्हता. घरात वाटेत कुणी उभं असलं की पलीकडचं जेवढं दिसेनासं होतं, तेवढंच दिसत नव्हतं.

मी त्याला हाक मारली. नावानं नाही, लहानपणी मारायचो तशी.

उजेड एकदम वाळूपर्यंत पडला. मुलगा धडपडला, खाचांना धरून सावरला आणि सरकत बाहेर आला. ओढ्याचं पाणी तोंडावर मारून घेतलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "असं ओरडू नका, बाबा. दचकतं ते."

७

गवंडी आमच्या ओळखीचा. आमच्या घराचा ओटा त्यानंच बांधला. मी त्याला म्हटलं, घळीची दोन्ही तोंडं बंद करायची, आत दगड सुटायला लागलेत.

"काका, बापजाद्यांची वाट बंद करताय," तो म्हणाला. "लोक मला नावं ठेवतील."

"तुला आधीच ठेवतात."

"तेही आहेच," म्हणत त्यानं थापी काढली.

मला वाटलं होतं मुलगा आडवा येईल. हातापाया पडेल, निघून जाईल, काहीतरी करेल. मी रात्रभर त्याला काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही लागलं नाही. तो सकाळी आमच्याबरोबर आला आणि कामाला लागला. दगड उचलून दिले, वाळू चाळली, माल कालवला. पलीकडचं तोंड आधी बंद केलं, मग अलीकडचं. मधे एकदा त्यानं गवंड्याला दाखवलं, "इथे फट राहिलीय बघ," आणि स्वतः दगडाची बारीक चिपरी बसवली.

माझा जीव भांड्यात पडत होता. म्हटलं, पोरालाच सुटायचं होतं, कुणीतरी दार लावायला हवं होतं. आम्ही दुपारी छपराखाली डबा खाल्ला. गवंड्यानं कुठल्याशा कंजूष मालकाचा किस्सा सांगितला, त्याला जिना हवा होता पण पायऱ्या कमी हव्या होत्या. मुलगा खळखळून हसला. वर्षानं ऐकलं मी ते हसणं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुळीवर ढकललं.

फक्त एक गोष्ट मी पाहत होतो आणि पाहायची नाही असं ठरवत होतो. छपराखाली जागा बख्खळ होती. तरी माल घेऊन जाता-येता गवंडी मुलाच्या मागून जायची वेळ आली की लांबून वळसा घालून जायचा. दर वेळी. त्याचं त्यालाही कळत नसावं. पाण्याची बादली घेऊन जाताना एकदा तर तो अंग चोरून म्हणाला, "जरा सरका," आणि मुलगा तर त्याच्या वाटेत नव्हता.

शेवटचा दगड मुलानं बसवला. तळव्यानं थोपटला. म्हणाला, "झालं."

८

घरी आलो तेव्हा ऊन कलत होतं. मी हातपाय धुवायला मागे गेलो. परत आलो तर आत्या कपड्यांच्या दोरीपाशी उभी होती, हातात ओला पंचा तसाच, पाणी गळतंय.

"दादा," ती म्हणाली. पंचा धरलेल्या हातानंच तिनं अंगणाकडे खूण केली.

मुलगा अंगणात चटईवर बसला होता. आमचं अंगण मोकळं आहे. तिथे झाड नाही, खांब नाही, भिंत दहा पावलांवर. तो पाय लांब करून मागे रेलून बसला होता. हात मांडीवर सैल. मान कलती. त्याच्या मागे अंगण होतं आणि अंगणापलीकडे संध्याकाळ.

कुणीही माणूस तसा रेलून बसू शकत नाही. एक श्वासभरसुद्धा नाही. तो झोपला होता.

आता तो छान आहे, असं सगळे म्हणतात. चार घास जास्त खातो, अंगावर मूठभर मांस चढलंय, डोळ्यांखालचं काळं गेलं. गवंड्याच्या हाताखाली काम धरलंय. लोक मला सांगतात, बघा, काळ हेच औषध. मी हो म्हणतो. आत्या पूर्वीसारखं बोलत नाही. अंगण झाडते, पण चटईच्या मागचा तुकडा तसाच सोडते. त्याचे सदरे ती उलटून बघत नाही.

मी त्याला परत आणायला काय करू हे मला कळत नाही. बंद करायला आता घळ नाही. हाक मारून पाहिली. तो डोळे उघडतो, "काय बाबा?" म्हणतो, प्रेमानं म्हणतो, आणि पुन्हा मिटतो. मधे काही हलत नाही. आता ते दचकत नाही.

परवा मी त्याच्या शेजारी चटईवर बसलो. दिवसभराच्या उठबशीनं पाठ धरली होती. या वयात ओटीवर बसलं तर भिंत लागते, खुर्चीत बसलं तर उशी लागते. चटईवर ताठ बसणं हे तरण्या माणसाचं काम.

"पाठ दुखतेय का?" त्यानं विचारलं.

"दुखायचीच. जुनी झाली."

"मग टेका ना, बाबा," तो म्हणाला. "आहे जागा."

मी नको म्हटलं. त्यानं आग्रह केला नाही. तेव्हापासून मी रोज त्याच्या शेजारी बसतो, कारण बापानं मुलाला तिथे एकटं सोडायचं नसतं, आणि रोज ताठ बसतो. संध्याकाळी-संध्याकाळी कणा थरथरायला लागतो. तो डोळे उघडून माझ्याकडे पाहतो, कसलीच घाई नसलेल्या नजरेनं, आणि चटईवर थोडासा सरकून घेतो.